कातडी मागे ओढण्याची घाई

मुलगा झाला की न्हाऊ घालणारी बाई घरी येऊ लागते. पाटावर पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते, टाळूवर तेल थापते, नाक चिमटीत धरून सरळ करते, छाती दाबून ‘दूध’ काढते आणि शेवटी अंगठा-तर्जनीच्या चिमटीत शूची जागा धरून तिथली कातडी मागे सारते. बाळ किंचाळतं. ‘रोज थोडी थोडी मागे केली की मोकळी होते, नाहीतर घाण साचते,’ असं ती सांगते. आजी मान डोलावते. आईला बघवत नाही, पण बाळाच्या भल्याचंच चाललंय असं समजून तीही गप्प बसते. पुढे डोस द्यायला नेल्यावर एखादे डॉक्टरही तेच सांगतात: ‘आंघोळीच्या वेळी मागे करत जा.’

या सगळ्यांना एकच गोष्ट मान्य असते. बंद आहे म्हणजे आत घाण आहे, आणि घाण आहे म्हणजे उघडून साफ करायला हवं. हा समज वरवरचा आहे, आणि त्यातून मुलांना इजा होते. लहान मुलाच्या शिश्नावरची त्वचा मागे न जाणं ही वयाची अवस्था आहे. ती मोकळी करायचं काम शरीराचं, आपल्या बोटांचं नव्हे. याचाच दुसरा अर्धा भाग कुणी बोलतच नाही. ती त्वचा खरोखर मोकळी होते तेव्हा मुलगा दहा-बारा-चौदा वर्षांचा असतो, आणि त्या वयात त्याला दोन वाक्यं सांगायची असतात. तान्हेपणी जिथे हात आवरायचा तिथे आपण हात घालतो, आणि वयात येताना जिथे तोंड उघडायचं तिथे गप्प बसतो.

१. बंद असणं म्हणजे काय

जन्माच्या वेळी शिश्नाचा पुढचा गोल भाग, म्हणजे शिश्नमणी, आणि त्याच्यावरची अग्रत्वचा या दोन सुट्या गोष्टी नसतातच. मधे पेशींचा एक सामाईक थर असतो. नख आणि नखाखालचं मांस जसं एकमेकांना धरून असतं, तसंच हे. नखाखाली मळ साचेल म्हणून तान्ह्या बाळाचं नख उचकटून कुणी साफ करत नाही. इथे मात्र नेमकं तेच होतं.

हा थर हळूहळू आपणहून सुटतो. पेशी झडतात, मधे लहान लहान पोकळ्या तयार होतात, त्या एकमेकींना मिळत जातात. झडलेल्या पेशींचे पांढरे-पिवळसर, साबुदाण्याएवढे गोळे कधी त्वचेखालून दिसतात. आया घाबरतात, त्यांना तो पू वाटतो, गाठ वाटते. तो पू नसतो, गाठही नसते. त्वचा सुटी होण्याचं काम चालू आहे याची ती खूण असते. जागा मिळाली की ते गोळे आपले आपण बाहेर पडतात.

दुसरी घाबरवणारी गोष्ट म्हणजे फुगा. तीन-चार वर्षांचा मुलगा लघवी करताना त्वचा फुग्यासारखी फुगते आणि मग धार येते. आतला भाग सुटा झाला आहे, पण पुढचं तोंड अजून सैल झालेलं नाही, एवढाच याचा अर्थ. धार नीट येत असेल, मुलगा कुंथत नसेल, रडत नसेल, तर हा फुगा निरुपद्रवी असतो आणि काळाबरोबर जातो. त्याच्यामुळे मूत्रपिंडावर ताण येतो हा समज खरा नाही.

इथे एक भेद नीट धरून ठेवायला हवा, कारण पुढची बरीचशी गडबड तो न केल्यामुळे होते. त्वचा आतून चिकटलेली असणं ही एक गोष्ट. तिचं तोंड वयानुसार अरुंद असणं ही दुसरी. आणि तोंडाशी पांढरट, कडक, वण पडलेलं कडं तयार होणं ही तिसरी. पहिल्या दोन नैसर्गिक आहेत, तिसरी आजार आहे. पण केसपेपरवर तिन्हींसाठी एकच शब्द उमटतो: फायमॉसिस. तो शब्द कानावर पडला की आईबाप त्याला रोग समजतात, आणि रोग म्हटला की इलाज करायलाच हवा.

२. कधी मोकळी होते

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ डग्लस गेर्डनर यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये या त्वचेच्या वाटचालीवर एक लेख लिहिला. त्यांना आढळलं की नवजात मुलांपैकी जेमतेम ४ टक्क्यांमध्ये त्वचा पूर्ण मागे जाते, वर्षाच्या मुलांपैकी निम्म्यांमध्ये, आणि तीन वर्षांच्या मुलांपैकी ९० टक्क्यांमध्ये. त्या काळच्या ब्रिटनमध्ये ‘चिकटलेली आहे’ एवढ्या कारणावरून तान्ह्या मुलांची सुंता सर्रास होत असे, आणि त्यात दर वर्षी काही मुलं दगावत. त्या शस्त्रक्रियेला वैद्यकीय आधार नाही, हे गेर्डनर यांनी ठामपणे मांडलं.

पण त्यांच्याच लेखातला तीन वर्षांचा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांत नियम होऊन बसला. तीनपर्यंत उघडली नाही तर काहीतरी बिघडलंय, अशी डॉक्टरांच्या पिढ्यांची समजूत झाली. पुढच्या अभ्यासांनी ती मोडीत काढली. डेन्मार्कचे याकोब ओस्टर यांनी शाळकरी मुलांना वर्षानुवर्षं तपासलं आणि १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले: सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ६३ टक्क्यांमध्ये त्वचा आतून कुठे ना कुठे चिकटलेली होती, सोळा-सतराव्या वर्षी फक्त ३ टक्क्यांमध्ये. खरोखर घट्ट तोंड सहा-सात वर्षांच्या ८ टक्क्यांमध्ये होतं, ते सोळा-सतराव्या वर्षी १ टक्क्यावर आलं. १९९६ मधल्या एका जपानी अभ्यासात ६०० हून अधिक मुलं तपासली. अकरा ते पंधरा या वयातही त्वचा पूर्ण मागे जाणारी मुलं सुमारे ६३ टक्केच निघाली.

म्हणजे दुसरी-तिसरीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची त्वचा कुठे ना कुठे चिकटलेली असते आणि ती सगळी निरोगी असतात. एखादी गोष्ट बहुतेक मुलांमध्ये असेल आणि काहीही न करता जात असेल, तर तिला आजार म्हणायचं कशाच्या आधारावर?

तिला आजार ठरवलं कुणी याचाही इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यचिकित्सक लुइस सेअर यांनी १८७० मध्ये दावा केला की चिकटलेल्या अग्रत्वचेमुळे मज्जातंतू चेतवले जाऊन पायांना लुळेपण येतं. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाची सुंता केली आणि तो सुधारल्याचं जाहीर केलं. मग अपस्मारापासून हस्तमैथुनापर्यंत सगळ्याचं खापर या इंचभर त्वचेवर फुटू लागलं. त्या कल्पना कधीच टाकून दिल्या गेल्या, पण ‘चिकटलेली आहे, सोडवून घ्या’ हे वाक्य तेवढं उरलं. आपल्याकडे ते न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या तोंडून निघालं तर आपण त्याला परंपरा म्हणतो, डॉक्टरांच्या तोंडून निघालं तर विज्ञान.

३. ओढल्यावर काय होतं

नैसर्गिकरीत्या सुटायच्या आधी ओढली की तो सामाईक थर फाटतो. बारीक चिरा पडतात, रक्ताचे ठिपके दिसतात, पुढचे दोन-तीन दिवस मूल लघवी करताना रडतं. कधी ते लघवी धरूनच ठेवतं. चिरा भरून येताना दोन उघडे पृष्ठभाग पुन्हा एकमेकांना चिकटतात, आणि आता ते नाजूक थराने नव्हे तर वणाने जोडले जातात. तोंडाशी चिरा पडत राहिल्या तर तिथे वणाचं कडं बनू शकतं. त्वचा मोकळी व्हावी म्हणून रोज ओढायची आणि ओढल्यामुळेच ती कधी मोकळी होऊ नये, असा हा व्यवहार. फायमॉसिस टाळण्याच्या नावाखाली आपण फायमॉसिसच घडवतो.

त्याहून वाईट प्रसंग रात्री अकराला येतो. त्वचा मागे ओढलेली असते आणि पुढे आणायची राहून गेलेली असते, किंवा पुढे येतच नाही. अरुंद तोंडाचं कडं शिश्नमण्यामागे रबरबँडसारखं बसतं. रक्त आत येतं, पण परत जात नाही. तासाभरात पुढचा भाग सुजतो, मागची त्वचा पाण्याने भरून मेदूवड्यासारखी फुगते. डॉक्टर याला पॅराफायमॉसिस म्हणतात आणि इथे खरंच घाई लागते. सूज मुठीत धरून काही मिनिटं दाबून उतरवावी लागते, मग अंगठ्यांनी मणी मागे ढकलत त्वचा पुढे आणावी लागते. नाही जमलं तर भूल देऊन कडं कापावं लागतं. मुलांमध्ये हा प्रसंग बहुतेक वेळा कुणीतरी ओढल्यानेच ओढवतो.

हे आधुनिक डॉक्टरांचं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सुश्रुतसंहितेतलं निदानस्थान उघडून पाहावं. क्षुद्ररोगांत तिथे तीन विकार वेगवेगळे सांगितले आहेत. परिवर्तिका म्हणजे चोळल्याने, दाबल्याने किंवा मार लागल्याने त्वचा मागे सरकून मण्यामागे अडकणं. अवपाटिका म्हणजे त्वचा फाटणं, आणि तिच्या कारणांत त्वचा जोराने मागे सारणं हेही आहे. निरुद्धप्रकश म्हणजे तोंड आक्रसून लघवीची धार बारीक होणं. त्यावरचा उपचार तूप लावलेली नळी आत घालून दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी वापरण्याचा. कापणं त्यानंतर. तो उपचार आज जसाच्या तसा करावा असं मी म्हणत नाही. पण आपण केसपेपरवर ज्यांची एकाच शब्दात मोट बांधतो, ते त्या ग्रंथकाराला वेगळे दिसत होते आणि जोर लावल्याने इजा होते हेही दिसत होतं.

४. मग स्वच्छता कशी राखायची

तान्ह्या मुलाला बाहेरून पाण्याने धुवायचं आणि टिपायचं. बस. आत साबण नको, तेल नको, कापसाचा बोळा नको. जंतुनाशकाचे थेंब टाकलेलं पाणी तर मुळीच नको. साबणाने तिथली नाजूक त्वचा चुरचुरते, लाल होते, आणि मग ती लाली संसर्ग समजून पुन्हा साबण लावला जातो. डायपर वेळेवर बदलणं, दिवसातून काही वेळ मुलाला तसंच मोकळं ठेवणं याचा उपयोग कुठल्याही ओढाओढीपेक्षा जास्त होतो. लघवी-संडासच्या सततच्या ओलाव्यापासून लघवीच्या तोंडाचं रक्षण करण्याचं काम ती बंद त्वचाच करत असते.

‘हलक्या हाताने मागे केली तर चालेल ना?’ असा प्रश्न येतो. हलका म्हणजे किती, हे मोठ्यांनी ठरवायचं नसतं. जिथे ताण येतो, जिथे मूल आक्रसतं, तिथे तो हात हलका राहिलेला नसतो. माझ्या मते या कामासाठी योग्य हात एकच, त्या मुलाचा स्वतःचा. चार-पाच वर्षांची मुलं आंघोळीत तिथे हात लावतातच, आणि आपण ‘छी, हात काढ’ म्हणून ओरडतो. दुखेल तिथे ती स्वतः थांबतात.

डॉक्टरांकडे जायचं ते वेगळ्याच खुणा दिसल्यावर: धार थेंबथेंब येते, मूल कुंथतं, तोंडाशी पांढरं, कडक कडं दिसतं, आधी मागे जाणारी त्वचा आता जात नाही, लाली, सूज, पू पुन्हा पुन्हा होतो, ताप येऊन लघवीला जळजळ होते, किंवा वयात येऊन गेल्यावरही त्वचा उघडत नाही. यातही लगेच शस्त्रक्रिया नसते. अरुंद तोंडावर स्टेरॉइडचं मलम चार ते आठ आठवडे लावून बहुतेक मुलांचं काम भागतं. ते डॉक्टरांनी सांगितलेलं, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या दिवसांपुरतंच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारं, बुरशी-जंतू-खाज सगळ्यांवर एकच असं तिहेरी मलम नव्हे. पांढऱ्या कड्याच्या आजारात, ज्याला लायकेन स्क्लेरोसस म्हणतात, सुंता करावी लागते आणि ती करायलाच हवी. उलट लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असणाऱ्या मुलांची सुंता आधी कुणी करून टाकली तर पुढे अडचण होते, कारण ते छिद्र दुरुस्त करताना शल्यचिकित्सक तीच त्वचा वापरतात.

५. तीन आक्षेप

पहिला नेहमीचा: ‘आमच्या पिढ्यानपिढ्या केलं, काय झालं?’ झालं ते नोंदवलं गेलं नाही. तान्ह्याचं रडणं आंघोळीचं रडणं म्हणून सोडून दिलं. सत्ताविसाव्या वर्षी लग्न ठरल्यावर त्वचा उघडत नाही म्हणून लपतछपत डॉक्टरकडे गेलेल्या माणसाने ते घरी सांगितलं नाही. आणि ज्यांचं काही बिघडलं नाही त्यांची त्वचा न ओढताही मोकळी झाली असती.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: साचलेल्या मळाने संसर्ग होतो, कॅन्सर होतो. शिश्नाच्या कॅन्सरचा आणि न उघडणाऱ्या त्वचेचा संबंध आहे हे खरं. पण तो प्रौढ वयात त्वचा न उघडण्याशी आहे, आणि त्याच्या जोडीला एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग आणि तंबाखू येतात. दोन वर्षांच्या मुलाची चिकटलेली त्वचा या हिशेबात बसत नाही. उलट तान्हेपणी ओढून वण पाडणारा माणूस त्या मुलाला याच धोक्याच्या दिशेने ढकलतो. मूत्रमार्गाच्या संसर्गाचं म्हणाल, तर सुंतेने त्याचं प्रमाण घटतं, हेही खरं. पण निरोगी मुलात तो धोका मुळातच एक टक्क्याच्या आसपास आहे. २००५ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून काढलेल्या हिशेबानुसार एक संसर्ग टाळायला सुमारे १११ मुलांची सुंता करावी लागते. ज्या मुलाच्या मूत्रमार्गात जन्मजात दोष आहे त्याच्या बाबतीत हा हिशेब वेगळा निघतो, आणि तिथे सुंतेचा सल्ला योग्यच. ओढून साफ करण्याने संसर्ग टळतो, असं मात्र यातला कुठलाच आकडा सांगत नाही.

तिसरा आक्षेप चर्चेला वळण देतो: मग सुंता करणारे समाज चुकतात का? तो वेगळा प्रश्न आहे आणि मी तो इथे मिसळू इच्छित नाही. मुस्लिम घरांतली सुंता ही श्रद्धेची गोष्ट आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल ज्यू, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनिवार तेली म्हणत, त्यांनी मराठी बोलत, मराठी नेसत शतकानुशतकं आठव्या दिवसाची सुंता पाळली. तिथे प्रश्न असतो तो भूल, निर्जंतुक हत्यारं आणि अनुभवी हात यांचा. एड्सच्या संदर्भात दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंतेमुळे पुरुषांना होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जास्त लागण असलेल्या देशांसाठी तिची शिफारस केली. हेही इथेच नोंदवतो. पण तो निर्णय प्रौढांच्या लैंगिक आयुष्याशी बांधलेला आहे. अमेरिकेत बाळंत झालेल्या मराठी आईला दवाखान्यात ‘करायची का?’ असं विचारतात तेव्हाही तिने एवढं लक्षात ठेवावं की अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये फायदे जोखमीपेक्षा जास्त असल्याचं म्हणूनही सरसकट सगळ्या मुलांसाठी शिफारस केली नाही. सुंता न केलेल्या मुलाची त्वचा जबरदस्तीने मागे ओढू नये, हे मात्र तिने स्पष्ट सांगितलं आहे.

६. जिथे बोलायचं तिथे

आता दुसरा अर्धा भाग. मुलगी वयात येणार असं दिसलं की आई, मावशी, शाळेतल्या बाई, कुणीतरी तिला बाजूला घेऊन काहीतरी सांगतं. अर्धवट सांगतं, कुजबुजत सांगतं, पण सांगतं. मुलाला कुणी सांगत नाही. आईला वाटतं बाप सांगेल, बापाला त्याच्या बापाने सांगितलेलं नसतं. शाळेत प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून उरकतात. २००७ मध्ये तर लैंगिक शिक्षणालाच महाराष्ट्रात बंदी घातली गेली. ज्या भाषेत र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, त्या भाषेत आज बापाला मुलाशी बोलताना वापरता येईल असा या अवयवाला साधा शब्दही नाही. एकीकडे नुन्नी-बुल्ली, दुसरीकडे शिश्न, आणि मधे फक्त शिव्या.

त्या पोकळीत बारा वर्षांचा मुलगा एकटा असतो. एके दिवशी आंघोळीत त्वचा मागे जाते. आत गुलाबी, ओलसर, हात लावला तर झोंबणारं काहीतरी दिसतं आणि कडेला पांढरा, वास येणारा थर. त्याला वाटतं आपल्याला रोग झालाय. तो साबण लावून खसाखसा चोळतो, दुसऱ्या दिवशी जागा सुजते. किंवा दुखल्यावर पुन्हा कधी हातच लावत नाही आणि थर साचत राहतो. लोकलच्या डब्यात चिकटवलेली गुप्तरोगतज्ज्ञांची पत्रकं त्याने वाचलेली असतात. ज्या त्वचेशी तान्हेपणी सगळं घर खेळलं, तिच्याबद्दल आता विचारायला त्या घरात एकही माणूस नसतो.

बापाने एवढंच सांगायचं, तेही बाथरूमच्या दाराशी, नळाखाली बादली भरेपर्यंत: ‘कातडी मागे जाते का तुझी? जात असेल तर मागे घे, साध्या पाण्याने धू, आणि परत पुढे आण, विसरू नको. आत पांढरं दिसतं ते सगळ्यांनाच असतं, मलाही होतं. जात नसेल तर ओढू नको, कधीतरी जाईल. दुखलं, सुजलं तर मला सांग.’